उडवी, वारूळ आणि काचेची पेटी

‘घर’ हे यंदाच्या अंकाचे सूत्र ठरले आणि माणसाखेरीज इतरांच्या घरांनाही त्यात जागा असावी असा विचार पुढे आला, तेव्हा सापाच्या घरासाठी पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यातले खोडाळा निवडण्यामागे एक निश्चित कारण होते. नवा पाळीव साप घरी आणताना त्याच्यासाठी योग्य निवारा कसा सिद्ध करावा, याचे एक सविस्तर शास्त्र युरोप-अमेरिकेत गेल्या काही दशकांत तयार झाले आहे आणि तेथे वाढणाऱ्या मराठी मुलांनाही वर्गमित्रांच्या घरी काचेच्या पेटीतला साप पाहण्याची नवलाई आता उरलेली नाही. त्या शास्त्राची सगळी कलमे अखेर चार गरजांपाशी येऊन थांबतात: ऊब, आडोसा, ओल आणि भक्ष्य. या चारही गोष्टी काच, विजेची तार आणि तापमान राखणारी यंत्रे यांच्याविना, माणसाच्या उंबरठ्यापासून हाकेच्या अंतरावर एकत्र नांदताना पाहायच्या असतील, तर खोडाळ्याच्या आसपासचे पाडे पाहावेत.

भारतात आढळणारा कोणताही साप घरात पाळणे कायद्याने निषिद्ध आहे, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे खोडाळ्यात साप कोणी पाळत नाही. तो तेथे आपला आपण राहतो. तरीही पाळीव सापाच्या निवाऱ्याचे शास्त्र येथे निरुपयोगी ठरत नाही, उलट त्याचा खरा उपयोग येथेच आहे. कारण सापाला घर म्हणून काय लागते हे ज्याला नेमके उमगले, त्यालाच ते घर आपल्या अंथरुणापासून किती दूर असावे हे ठरवता येते.

खळ्याकाठची उडवी

मुंबई-नाशिक महामार्ग सोडून विहीगाववरून खोडाळ्याकडे येणारा रस्ता सह्याद्रीच्या पठारी भागात शिरतो, तेव्हा दोन्ही बाजूंना सखल खाचरांत भात आणि चढाच्या वरकस जमिनीवर नागली, वरी, उडीद व खुरासणी अशी पिकांची वाटणी दिसू लागते. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी या समाजांची वस्ती एका गावठाणात एकवटलेली नसून पाड्यापाड्यांनी विखुरलेली आहे, आणि प्रत्येक पाड्याच्या कडेला रान, ओहोळ, बांध व खळे ही एकमेकांना लागूनच येतात. पावसाळ्यात हा प्रदेश अक्षरशः भिजून निघतो. मुंबईला पाणी पुरवणारी वैतरणा याच डोंगराळ भागातून वाहते आणि मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात कोचाळे येथे उभे आहे. पुढे उन्हाळ्यात मात्र याच पाड्यांवर पाण्यासाठी वणवण होते. भरपूर ओल आणि कडक कोरडेपणा यांची ही टोके सापाच्या वर्षभराच्या हालचालींना आकार देतात.

दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी उरकते, झोडणी होते आणि खळ्याच्या कडेला पेंढ्याची उडवी रचली जाते. ही उडवी जवळून पाहण्यासारखी असते. बाहेरचा थर उन्हाने वाळून पिवळाधमक झालेला असतो, पण हात कोपरापर्यंत आत घातला तर तेथे एक कोंदट, दमट ऊब लागते. कारण दाबून बसलेल्या पेंढ्यात ओल राहिली की तेथे कुजण्याची क्रिया सुरू होते आणि त्या क्रियेतून उष्णता बाहेर पडते. (सापांच्या प्रदेशात असा हात मुळीच घालू नये, हे येथेच सांगितलेले बरे. पेंढा काढताना तो आधी लांब काठीने हलवणे, हाच जाणत्यांचा रिवाज आहे.) तळाशी दगड किंवा फांद्यांची मांडणी असते, तिच्यातून हवा खेळते आणि उंदीरही खेळतात, कारण झोडणीत सुटलेले दाणे पेंढ्यात राहिलेले असतात. वरच्या अंगाला ऊन, तळाला गारवा, मध्ये अंधार आणि दाराशी अन्न, अशी ही रचना शेतकऱ्याने जनावरांच्या वैरणीसाठी केलेली असली, तरी धामणीच्या दृष्टीने तिच्यात उणे काढण्यासारखे काही नसते.

उबेचा उतार

साप हा बाह्यतापी प्राणी आहे, म्हणजे शरीराला लागणारी उष्णता तो स्वतः निर्माण न करता भोवतालच्या उन्हातून, दगडातून, मातीतून घेतो. माणूस आपल्या अन्नाचा मोठा भाग केवळ शरीर उबदार ठेवण्यासाठी खर्च करतो. सापाला हा खर्च नसल्यामुळे एका उंदरावर त्याचे कित्येक दिवस निघतात. या काटकसरीची किंमत मात्र त्याला दुसऱ्या रूपाने मोजावी लागते. भक्ष्य गिळल्यानंतर त्याला पुरेशी ऊब मिळाली नाही, तर पाचकरसांचे काम मंदावते, पोटातले भक्ष्य पचण्याआधी कुजू लागते आणि साप ते ओकून टाकतो. उलट फार उष्णता झाली आणि पळायला गारवा नसला, तर तो थोड्याच वेळात मरतो. म्हणून सापाला एक विशिष्ट तापमान लागते असे म्हणणे अपुरे आहे. त्याला तापमानाचा उतार लागतो, म्हणजे एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा आणि मध्ये सरकायला मोकळी वाट.

परदेशात पाळल्या जाणाऱ्या सापांचे निवारे याच तत्त्वावर रचले जातात. पश्चिम व मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन हा जगात सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सापांपैकी एक अजगर आहे. प्रौढपणी तो सुमारे एक ते दीड मीटर लांबीचा होतो. त्याच्या पेटीचे एक टोक ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरे २५ अंशांच्या आसपास ठेवले जाते, तर अमेरिकेतल्या कॉर्न स्नेकला याहून काहीशी कमी ऊब पुरते. उष्णतेसाठी वरून दिवा किंवा खालून तापणारी गादी लावतात, आणि तिला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज आपोआप तोडणारे उपकरण, जोडणे अनिवार्य मानले जाते. कारण सापाला पोटाखालचा चटका वेळेवर जाणवत नाही आणि तो भाजेपर्यंत तापलेल्या पृष्ठभागावर पडून राहू शकतो. दोन्ही टोकांना स्वतंत्र तापमापक लावून, साप घरी आणण्यापूर्वी काही दिवस पेटी रिकामीच चालवून पाहावी, असा जाणकारांचा आग्रह असतो. हौशी माणूस बहुधा आधी साप आणतो आणि पेटीचा विचार मागाहून करतो, आणि नव्या सापाचे बहुतेक हाल येथूनच सुरू होतात.

खोडाळ्याच्या शेतात हाच उतार बांधाच्या रूपाने मातीत उतरलेला असतो. थंडीच्या सकाळी बांधाच्या पूर्वेकडील अंगावर ऊन आधी पडते आणि धामणीसारखा दिवसा वावरणारा साप तेथे अंग पसरून तापायला येतो; ऊन चढले की तो बांधाच्या पलीकडल्या सावलीत किंवा बिळात शिरतो. खेकड्याचे बीळ, उंदराचे बीळ, दगडांची फट आणि गवत अशी गारव्याची निरनिराळी ठिकाणे त्याला काही हातांच्या अंतरात मिळतात. म्हणूनच शेतातून सरळ सिमेंटचा कालवा किंवा भिंत गेली, की तिथल्या सापाचे घर एकाएकी एका टोकाचे होऊन बसते.

अंगाला भिडणारी जागा

माणसाला प्रशस्त घर आवडते, म्हणून सापालाही ऐसपैस मोकळी जागा आवडत असेल असा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. विश्रांती घेताना सापाला आपल्या अंगाच्या सर्व बाजू कशाला तरी टेकलेल्या हव्या असतात. वेटोळे घालून बसल्यावर पाठ, कूस आणि पोट यांना एकाच वेळी स्पर्श मिळाला, तरच तो निर्धास्त होतो. याचे कारण उघड आहे; मुंगूस, घुबड, सर्पगरुड आणि मोर यांच्या नजरेतून सुटण्याचा त्याच्याकडे दुसरा उपाय नाही. म्हणून पाळीव सापाच्या पेटीत लपणे ठेवतात, म्हणजे सापाला जेमतेम मावेल अशी, एकाच तोंडाची, अंधारी खोपटी. आणि ती एक ठेवून भागत नाही. उबदार टोकाला एक आणि गार टोकाला एक अशी किमान दोन हवीत, कारण एकच लपण असेल तर सापाला सुरक्षितता आणि योग्य तापमान यांपैकी एकाची निवड करावी लागते, आणि बहुधा तो सुरक्षितता निवडून उपाशी किंवा आजारी राहतो.

लपण्याची जागा अरुंद हवी म्हणून पेटीही अरुंद चालेल, हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. व्यापारासाठी साप पैदा करणारे लोक त्यांना कपाटाच्या खणांसारख्या उथळ डब्यांत वर्षानुवर्षे ठेवतात, आणि साप जेवतो, कात टाकतो, पिल्ले देतो, म्हणजे तो सुखी आहे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. अलीकडचे प्राणिकल्याणाचे अभ्यासक हे मान्य करीत नाहीत. सापाला पूर्ण लांबीने सरळ पसरता आले पाहिजे, चढायला फांदी आणि उकरायला खोल अंथर मिळाला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे. बांधावरची धामण एकदा नीट पाहिली, तर या वादात कोणाची बाजू खरी हे समजायला वेळ लागू नये. दोन मीटरहून अधिक लांबीची ही सापीण एका सकाळीत झाडावर चढते, ओहोळ पोहून जाते आणि उंदराच्या मागे बिळात शिरते.

बिळांचा विचार करताना कातकऱ्यांच्या ज्ञानाचा उल्लेख टाळता येत नाही. कापणीनंतर शेतातली उंदरांची बिळे खणून उंदीर धरणे आणि बिळात साठवलेल्या भाताच्या लोंब्या काढून घेणे, हा त्यांचा पिढीजात उद्योग आहे. खणताना बिळाचा आराखडा उघडा पडतो: तोंडाशी मोकळ्या मातीचा ढिगारा, पुढे वळणे घेत जाणारी वाट, तिला फुटलेली धान्याची कोठारे, पिल्लांसाठी गवत अंथरलेली खोली आणि संकटात पळून जाण्यासाठी पातळ मातीने झाकलेले दुसरे तोंड. ताजी माती, उंदराच्या पावलांचे ठसे आणि लेंड्या दिसल्या तर बीळ उंदराचे; तोंड गुळगुळीत होऊन ठसे नाहीसे झाले असतील किंवा कातीचा तुकडा अडकलेला असेल, तर तेथे हात घालायचा नाही. नाग स्वतः बीळ खणत नाही. उंदराला खाऊन त्याचेच घर तो वापरतो. वारुळाचेही तसेच आहे. वाळवीने उभारलेल्या आणि पुढे सोडून दिलेल्या वारुळात तापमान व दमटपणा बाहेरच्या मानाने स्थिर राहतो, म्हणून साप तेथे आश्रयाला येतो. नागपंचमीला वारुळाची पूजा करणाऱ्या महाराष्ट्राने सापाचा पत्ता अचूक ओळखला होता, असे म्हणावे लागते. योगायोग असा की, हजारो मैल दूर आफ्रिकेतला बॉल पायथनही निसर्गात उंदरांच्या बिळांत आणि वारुळांतच राहतो.

ओल, कात आणि भक्ष्य

कात टाकण्यापूर्वी सापाच्या जुन्या व नव्या त्वचेमध्ये एक द्रव साचतो, त्यामुळे त्याचे डोळे दुधाळ निळसर दिसू लागतात आणि काही दिवस त्याला नीट दिसत नाही. या काळात हवेत पुरेसा दमटपणा असला, तर कात तोंडापासून शेपटीपर्यंत उलटी होत अखंड निघते, आणि डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यांचे गोल ठसेही तिच्यात स्पष्ट दिसतात. हवा कोरडी असली तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते, शेपटीच्या टोकाला आवळून बसते किंवा डोळ्यावर चिकटून राहते. पाळीव सापासाठी म्हणूनच पेटीत अंग बुडवण्याइतके मोठे पाण्याचे भांडे ठेवतात, अंथरासाठी नारळाच्या काथ्याचा भुसा वापरतात आणि ओल्या शेवाळाची एक खोपटी करून देतात. खोडाळ्याच्या घरांत पावसाळ्याआधी व पावसाळ्यात काती मिळतात त्या बहुधा रांजणाच्या तळाशी, मोरीजवळ किंवा चुलीच्या लाकडांच्या ढिगात, म्हणजे जेथे ओल आणि खरखरीतपणा एकत्र येतात तेथे.

भक्ष्याबाबत पाळीव सापाचे नियम थोडक्यात सांगता येतात. नव्या सापाला घरी आणल्यावर पाच-सात दिवस हातही लावू नये आणि अन्नही देऊ नये. नंतर त्याच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतक्या रुंदीचा, आधी मारलेला उंदीर द्यावा, कारण जिवंत उंदीर कोंडलेल्या सापाला चावून गंभीर जखमा करतो. खाल्ल्यानंतर दोन दिवस त्याला हाताळू नये. घरात आधीचे साप असतील तर नव्याला दोन-तीन महिने वेगळे ठेवावे, कारण रक्त शोषणाऱ्या गोचिडसदृश किडी त्याच्यासोबत येऊ शकतात. दूध सापाचे अन्न नव्हे; तहानेने व्याकूळ झालेला साप ते पितो, आणि त्याचे पचनसंस्थेवर अनिष्ट परिणाम होतात.

खोडाळ्यात भक्ष्याची व्यवस्था कणगी करते. बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणमातीने लिंपलेली ही धान्याची कोठी जमिनीची ओल लागू नये म्हणून दगडांवर टेकवलेली असते, आणि त्या दगडांमधली वीतभर पोकळी दिवसा काळोखी व रात्री उंदरांच्या ये-जा करण्याची वाट असते. वारली समाज ज्या कणसरीला धान्याची देवी मानतो, तिच्या या निवासाखाली उंदीर येतो, उंदरामागे धामण किंवा नाग येतो, भिंतीवरच्या पालींमागे कवड्या साप येतो आणि या सगळ्यांमागे कधी मण्यारही येते, कारण मण्यार उंदीर-पालींबरोबर इतर सापही खाते. घराची दारे-खिडक्या कितीही घट्ट केल्या तरी कणगीखाली दाणे सांडत राहिले, तर ही साखळी तुटत नाही.

मडके, काच आणि कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्याला पकडणे हेही शिकारीतच मोडते. या कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर नाग, घोणस, धामण आणि दिवड यांसारखे खेड्यात नित्य दिसणारे साप पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाला मिळते तितक्याच संरक्षणाखाली आले. त्यांच्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. परदेशी सापांचा प्रश्न बराच काळ मोकळा राहिला होता. त्याच दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापार-करारात नोंदलेल्या प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आणली आणि फेब्रुवारी २०२४ मधील नियमांनी अशा प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर बंधनकारक केली. बॉल पायथन या करारात येतो, म्हणून त्याची मालकी, जन्म, मृत्यू आणि हस्तांतर या सर्वांची नोंद करावी लागते. तरीही चोरटी आयात थांबलेली नाही; जून २०२५ च्या आरंभी मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून चार डझनांच्या आसपास विषारी साप जप्त झाले होते. प्लॅस्टिकच्या डब्यात कोंडून विमानाने आणलेल्या जिवाला ऊब, आडोसा आणि ओल यांतले काहीही मिळत नाही, आणि असा साप विकत घेणारा या छळाचा वाटेकरी असतो.

सापाला काही काळ कायदेशीरपणे घर देणाऱ्या संस्था देशात आहेत. मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेत प्रतिविष तयार करण्यासाठी साप ठेवले जात, आणि तेथील सर्पतज्ज्ञ डॉ. पी. जे. देवरस यांनी सापांवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांसोबत ७२ तास एका काचेच्या खोलीत काढले, आणि साप विनाकारण चावत नाही हे लोकांना डोळ्यांनी पाहायला मिळाले. पुढे १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. तमिळनाडूत १९७८ साली स्थापन झालेल्या इरुळा सर्पपकड सहकारी संस्थेत साप मातीच्या मडक्यात, वाळूच्या थरावर, तोंडाला कापड बांधून ठेवतात. काही आठवड्यांत ठरावीक वेळा विष काढून झाल्यावर त्यांना पुन्हा रानात सोडले जाते. मडक्याची भिंत झिरपती असल्याने आत गारवा राहतो, अंधार असतो आणि वेटोळ्याला सर्व बाजूंनी टेका मिळतो, म्हणून थोड्या मुदतीसाठी हा निवारा बरा ठरतो. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यातही नागपंचमीआधी धरलेले नाग मडक्यात ठेवण्याची रीत होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांच्या मिरवणुकीवर बंदी आली. या दोन्हींतला फरक मडक्यात नव्हता. हाताळणी, गर्दी, गोंगाट आणि बंदिवासाची मुदत यांवर सापाचे जगणे-मरणे ठरते.

चटई, खाट आणि नवे घरकुल

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अंदाज मृत्यूंच्या कारणांच्या देशव्यापी अभ्यासातून निघाला आहे. हे मृत्यू प्रामुख्याने खेड्यांत झाले, आणि त्यांत जमिनीवर झोपणाऱ्याला रात्री झालेला दंश हा अतिशय घातक प्रकार आहे. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि मग श्वास मंदावतो. तिच्या निळसर काळ्या अंगावरचे पांढरे पट्टे मानेच्या बरेच मागे सुरू होतात व शेपटीकडे ठळक होतात, आणि पाठीच्या मधोमध षट्कोनी मोठ्या खवल्यांची ओळ असते. बिनविषारी कवड्याचे पट्टे मात्र मानेपासूनच ठळक असतात. ही ओळख अभ्यासासाठी आहे. अंधारात चावलेल्या सापाचे खवले मोजत बसण्यापेक्षा दवाखाना गाठणे केव्हाही श्रेयस्कर.

खोडाळ्यात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, त्यापुढे मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय आणि जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय, आणि त्याहीपुढे नाशिक. पावसाळ्याच्या रात्री एखाद्या आडवळणाच्या पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत रुग्णाला डोलीतून आणावे लागते, तेव्हा जो वेळ जातो तो कोणत्याही औषधाने भरून निघत नाही. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालते. भगताकडे, म्हणजे पारंपरिक उपचार करणाऱ्याकडे, आधी जाण्याच्या प्रथेला केवळ अंधश्रद्धा म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. तो हाकेवर असतो आणि गाडी नसते, हे त्यामागचे मोठे कारण आहे. याच जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी सर्पदंशावर केलेल्या कामात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाबरोबर भगतांशी संवादालाही जागा दिली, ही दिशा योग्य आहे.

त्याआधीचा उपाय घराच्या रचनेत आहे. कुडाच्या घरात कारवीच्या भिंती, सारवलेली जमीन, एका अंगाला गुरे, कोपऱ्यात कणगी आणि मध्ये चटई टाकून झोपणारी माणसे अशी मांडणी असते, म्हणजे सापाची चारही गरजेची ठिकाणे आणि माणसाचे अंथरूण एकाच छताखाली येतात. खाटेवर झोपणे, मच्छरदाणीची कड अंथरुणाखाली नीट खोचणे, कणगीऐवजी घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी वापरणे, कोंबड्यांचे खुराडे झोपण्याच्या जागेपासून दूर नेणे, लाकडे जमिनीपासून उंच फळीवर रचणे आणि उडवी घराला न टेकवता खळ्याच्या पलीकडे रचणे, या गोष्टींनी सापाचे घर मोडत नाही. ते फक्त सरकते. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका कमी असतो, हे नेपाळच्या तराईतील संशोधनातून दिसून आले आहे. घरात आलेला साप सर्पमित्राने धरला, तर तो कोसो दूर न सोडता जवळच्याच रानात सोडावा, कारण अनोळखी मुलखात त्याला बीळ, पाणी आणि भक्ष्य यांचा ठाव नसतो. शिवाय एक धामण हलवली तरी कणगीखालचे उंदीर दुसऱ्या सापाला बोलावतातच.

दिवाळीनंतर या भागातली कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जगायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात बंद राहिलेल्या घरात उंदीर मोकळेपणी वावरतात, म्हणून परतल्यावर पहिल्या दिवशी दार-खिडक्या उघडून, कोपरे काठीने वाजवून, कौलांची फट आणि कणगीचा तळ उजेडात पाहून मगच अंथरूण टाकणे शहाणपणाचे असते. अलीकडे शबरी आवास आणि कातकऱ्यांसाठीच्या पंतप्रधान जनमन योजनेतून पक्की घरकुले उभी राहत आहेत. अनेक ठिकाणी जुने कुडाचे घर पाडले जात नाही. धान्य, वैरण आणि गुरे तेथेच राहतात आणि माणसे शेजारच्या पक्क्या खोलीत झोपायला जातात. कोणत्याही योजनेत न लिहिलेला हा मोठा लाभ आहे, कारण चटई आणि कणगी त्यामुळे पहिल्यांदाच वेगवेगळ्या छपरांखाली गेल्या. मात्र घरकुलाचे काम संपल्यावर उरलेल्या विटा, खडी आणि जुन्या घराची उतरवलेली कौले बहुधा नव्या भिंतीलाच टेकवून ठेवली जातात, आणि त्या ढिगाच्या फटी लवकरच उंदरांच्या व त्यांच्यामागून सापांच्या ताब्यात जातात. घरकुलाच्या शेवटच्या हप्त्याआधी होणाऱ्या तपासणीत भिंत, छत आणि शौचालय यांबरोबर हा ढिगारा भिंतीपासून दूर हलवला आहे की नाही, एवढी एक बाब पाहिली जावी, यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव पुरेसा आहे.